फोटोतल्या गाडीच्या मुठी

लढाईतली फटफटी ओळखायची असेल तर तिचं इंजिन बघू नका, तिच्या मुठी बघा. इंजिन सगळ्यांचं सारखंच. पाचशे सीसीचं, एकच सिलिंडर, धीम्या आवाजाचं, खेचराइतकं हट्टी आणि तितकंच कामसू. पण मुठी गाडीची जन्मकथा सांगतात. लढाईच्या सुरुवातीला ज्या गाड्या बाहेर पडल्या त्यांच्या हँडलला रबरी मुठी होत्या, पाय ठेवायच्या दांड्यांनाही रबर होतं. पुढे जपान्यांनी मलाया घेतला, रबराचा तुटवडा पडला आणि विलायतेतल्या कारखान्यांनी मुठींना कॅनव्हास गुंडाळायला सुरुवात केली. पायाच्या दांड्या नुसत्या लोखंडाच्या. गाडी हातात आली की मी आधी तिथं बघायचो.

हे सगळं मला कळायचं कारण लढाईची शेवटची तीन वर्षं मी देवळालीच्या लष्करी वर्कशॉपात फिटर होतो. लढाई संपली, मला घरी पाठवलं, आणि नंदुरबारला स्टेशनच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये मी दुकान टाकलं. तेव्हा आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्या हळूहळू इकडे येऊ लागल्या. जंगलाचे ठेकेदार, जिनिंगवाले, तापीकाठचे बागाईतदार पाटील अशी गिऱ्हाइकं. गाडी घेतली की माणूस पहिलं काय करायचा? खाकी रंग खरवडून तिला लाल नाहीतर निळी करायचा. हेडलाइटवरचं झाकण उपटून फेकायचा, कारण त्यातून उजेडाची एक चिंधी तेवढी बाहेर पडायची. वरून शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून ते झाकण. शहाद्याच्या रस्त्यावर कुठलं आलंय शत्रूचं विमान! मग कॅनव्हासच्या मुठी जायच्या आणि चकचकीत रबर यायचं. म्हणजे जे जे लढाईचं होतं, ते सगळं आधी भंगारात जायचं.

एका ठेकेदारानं तर मला फर्मावलं होतं, "मिस्तरी, हिले नवरीसारखी सजाडी दे." मी सजवली. मडगार्डला झालर लावली, आरसे लावले. गाडी दिसायला वरातीतल्या घोडीसारखी झाली आणि मालक भलता खूश. तो गेला आणि मला दिवसभर जेवण गेलं नाही. आपल्या हातानं आपण हे केलं याची लाज वाटली. हा माझा स्वभाव. गाडी होती तशी असावी, असा एक किडा माझ्या डोक्यात कायमचा होता. त्या किड्याचा मला अभिमान होता. त्यानं एका घरी काय केलं ते सांगायला म्हणून हे लिहायला बसलोय.

कळसाडीचे नरोत्तमआबा दुकानात आले ते पंचावन्न-छप्पनच्या सुमारास. गुजर पाटील, पन्नाशी ओलांडलेले, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. बैलगाडीत एक फटफटी आडवी घालून आणली होती. लाल रंग उडालेला, टाकीला पोचे, मागचं चाक नाहीच. मी म्हटलं, "आबा, हे भंगार कुठून उचललंत?"

आबांनी टोपी काढली आणि टोपीच्या आतून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. विशी-बाविशीतला पोरगा, खाकी कपडे, डोक्याला टोप, अशाच गाडीवर बसलेला. खांद्याला आडवी कॅनव्हासची पिशवी. हसत नव्हता, पण हसू दाबून बसलाय हे कळत होतं.

"हाऊ मन्हा जगन," आबा म्हणाले. "ब्रह्मदेशमा ऱ्हायना."

जगन त्यांचा एकुलता एक मुलगा. शहाद्याला इंग्रजी शाळेत शिकला, घरात न सांगता भरती झाला, आणि गाडी चालवता येते म्हणून त्याला एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर कागद पोचवायचं काम दिलं. एक दिवस कागद घेऊन निघाला तो पोचला नाही. तो मिळाला नाही, गाडीही मिळाली नाही. घरी आली ती मागे तंबूत राहिलेली त्याची पिशवी आणि सरकारचं पत्र.

जगनची सगळी पत्रं शाळेतल्या मराठीत असायची. घरात ते गुजरी बोलायचे, बाहेर अहिराणी, पण कागदावर मराठी. एका पत्रातलं वाक्य आबांना पाठ होतं. "आई, मला सरकारने मोटारसायकल दिली आहे. घरी आलो म्हणजे तुला ओट्यावर बसवून दाखवीन."

"मन्ही घरवालीना डोयासमा काचबिंदू शे," आबा म्हणाले. धुळ्याला दाखवून झालं होतं. "धुयाना डाक्टर सांगस, जे गयं ते परत येत नही. ऱ्हायेल शे ते बी दोन-तीन वरीसमा जाई. तिले दिखस तवलोंग हाई गाडी उभी करी दे. फोटूमा शे तशी."

मी फोटो उजेडात धरला. कॅनव्हासच्या मुठी. नुसत्या लोखंडी पायदांड्या. हेडलाइटवर झाकण आणि झाकणाला एकच आडवी फट. मी म्हटलं, "आबा, अगदी अशीच करून देतो."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, गाडी उभी करणं म्हणजे इंजिन चालू करणं. इंजिन तर मी चार महिन्यांत बोलतं केलं. पिस्टन सुरतेहून आणला, मॅग्नेटो दुसऱ्या गाडीचा बसवला, चाक मिळालं. खरी दमछाक बारक्या वस्तूंनी होते. या गाड्यांचे आटे इंग्रजी, आपल्याकडचा नट त्यांना दोन फेरे जातो आणि मग रुसतो. जोर लावला की बोल्टाचं मातेरं. म्हणून एकेक नट शोधायचा. आणि शोधायचा कुठे? दुकानात नव्हे. लढाईचं सामान तोपर्यंत लोकांच्या घरात विरघळून गेलं होतं. लष्करी गाडीला बाजूला पिशव्या अडकवायच्या लोखंडी चौकटी असतात, त्या मी एका दूधवाल्याच्या सायकलवर बघितल्या, दोन्हीकडे किटल्या लटकलेल्या. नवापूरला एका हॉटेलात चहाच्या कपांची फळी ज्या दोन लोखंडी दांड्यांवर टेकवली होती, त्या मला हव्या असलेल्या पायदांड्या निघाल्या. मी चहा पिता पिता वर बघितलं आणि कप हातात तसाच राहिला. हॉटेलवाल्याला वाटलं चहात माशी पडली. दुसऱ्या दिवशी त्याला सागाच्या दोन खुंट्या ठोकून दिल्या आणि दांड्या घेऊन आलो.

राहिलं हेडलाइटचं झाकण. तिथं मी अडलो.

आबा दर महिन्याला शहाद्याहून मोटारीनं यायचे. एकदा म्हणाले, "मिस्तरी, टिननं झाकण करी ले. आठे तांबट शे, लोहार शे." मी म्हटलं, नकली लावणार नाही. मग सुरतच्या भंगारवाल्याकडून एक झाकण आलं. खरं लष्करी, पण त्याला तीन फटी होत्या. फोटोतल्या झाकणाला एक. मी ते बाजूला ठेवलं.

आबा म्हणाले, "बाबा रे, तिले इतलं बारीक दिखाव नही."

मी म्हटलं, "पण मला दिसेल ना, आबा."

हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात बोललो होतो. आबांनी माझ्याकडे बघितलं, टोपी घातली आणि गेले. त्यांचा स्वभाव वाद घालण्याचा नव्हता. त्या झाकणाच्या शोधात मी दीड वर्ष घालवलं. दीड वर्ष! आज हिशेब लावला की अंगावर काटा येतो, कारण ते दीड वर्ष माझं नव्हतंच, एका बाईच्या डोळ्यांचं होतं.

झाकण अखेर मिळालं तोरणमाळच्या पायथ्याला. लाकडाच्या एका ठेकेदाराची गाडी चढाच्या तोंडाशी बंद पडली म्हणून मला नेलं होतं. काम झाल्यावर पाणी प्यायला एका पावरा आदिवासीच्या घरी थांबलो. घरातल्या बाईनं मोहाची फुलं ठेवलेल्या मडक्यावरचं झाकण बाजूला केलं आणि मी पुढे वाकलो. एक फट! तिची पावरी मला येत नव्हती, माझं मराठी तिला कळत नव्हतं. मी खुणा केल्या. ती आधी घाबरली, मग हसायला लागली. मडक्याच्या झाकणासाठी रडकुंडीला आलेला माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला असणार. पुढच्या बाजारी मी पितळेची नवी ताटली पाठवली आणि ते झाकण माझं झालं. ते सापडलं त्या दिवशी घरी परतताना मी गाणं म्हणत होतो, हे मला आठवतं आणि आवडत नाही.

आबांना निरोप धाडला. ते आले, पण झाकणाकडे त्यांनी धड बघितलंही नाही. म्हणाले, "उजवा डोया गया. डावाले सावली दिखस."

मग माझी घाई सुरू झाली. दीड वर्ष ज्यानं वेळ काढला तोच मी आता दिवस मोजायला लागलो. मुठी तेवढ्या राहिल्या होत्या. तंबूचं कापड आणलं, ते जाड. ताडपत्री आणली, तिचा रंग हिरवा. लष्करी कॅनव्हासचा रंग मातीसारखा, वीण मोकळी, ते दुसऱ्या कापडात सापडत नाही. मी आबांना तसं सांगितलं. आठ दिवसांनी आबा आले आणि त्यांनी पंच्याची गाठ सोडून माझ्यापुढे जगनची पिशवी ठेवली. फोटोत खांद्याला होती तीच.

मी म्हटलं, "आबा, ही कापायची?"

"काप," ते म्हणाले. "पोऱ्याना खांदावर व्हती, आते गाडीवर ऱ्हाई. तो तिले गाडी दखाडनार व्हता. तेन्हीच वस्तू शे."

मी एवढंच विचारलं. आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो सुचला नाही. कापड बघितलं की माझं डोकं कापडाचाच विचार करतं.

आमच्या कामात कॅनव्हास कधी कोरडं, तसंच्या तसं शिवत नाहीत. मोकळ्या विणीचं कापड पाणी लागलं की आवळतं, पहिल्या पावसात शिवण फाटते. त्यात ही पिशवी तेलकट झालेली, आणि तेलकट कापडाला सरस धरत नाही. म्हणून आधी धुण्याच्या सोड्यात उकळायची, खळाखळा धुवायची, उन्हात वाळवायची, मग मेणलेल्या दोऱ्यानं हँडलवर ताणून शिवायची. मी ते सगळं नीट केलं. पिशवी उलटी करून शिवणींतला गाळसुद्धा ब्रशनं काढला. पाणी काळं निघालं तेव्हा मला समाधान वाटलं. दोन मुठींना लागला तेवढा मधला चांगला भाग घेतला. बाकीचं शेडमध्ये पुसायला वापरलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी सुबक शिवण मी दुसरी घातली नाही.

गाडी घेऊन मी स्वतः कळसाडीला गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे कापूस. मोठ्या घरी जायचं म्हणून सकाळी चुना-सोडा लावून हात घासले होते, धुवट सदरा घातला होता. गाडी ओट्यासमोर उभी केली. आबांनी काशीमायला हाताला धरून बाहेर आणलं. काशीमाय म्हणजे जगनची आई. ठेंगणी, डोक्यावरून पदर, डोळे उघडे पण भलतीकडेच लागलेले. तिनं चेहरा गाडीकडे वळवला.

"काय काया दिखस," ती म्हणाली. काहीतरी काळं आहे, एवढंच तिला कळत होतं. "हाईच का?"

"हाईच," आबा म्हणाले.

मग तिनं हातानं बघायला सुरुवात केली. मी एकेक सांगत गेलो. ही टाकी. हा दिवा, हे त्याचं झाकण, एका फटीचं. तिनं फटीवरून बोट फिरवलं आणि पुढे गेली. माझं दीड वर्ष तिच्या बोटाखालून एका क्षणात निघून गेलं. ही मूठ, मी म्हटलं. तिचा हात मुठीवर आला आणि थांबला. अंगठ्यानं तिनं कापड चाचपलं. खालच्या बाजूला पिशवीच्या मूळ शिवणीचा एक काठ राहिला होता, तो चाचपला. मग ती वाकली आणि मुठीला नाक लावलं. एकदा. पुन्हा एकदा. दुसऱ्या मुठीकडे गेली, तिथंही.

"हाई धोयं का रे भाऊ?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो काशीमाय. सोड्यात उकळून घेतलंय, आता वर्षानुवर्षं आवळणार नाही."

ती भिंतीला हात लावत लावत आत गेली. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

आबा ओट्यावर खाली बसले. "मी तिले इचारेल नही, मिस्तरी," ते म्हणाले. चौदा वर्षं ती पिशवी पेटीत होती. काशीमायनं ती कोणाला धुवू दिली नव्हती, उन्हातही घालू दिली नव्हती. रोज संध्याकाळी दिवा लावला की पेटी उघडायची, पिशवी तोंडाशी धरायची आणि परत ठेवायची. पिशवी माझ्याकडे होती तेवढ्या दिवसांत आबांनी तिला सांगितलं होतं की पेटीला वाळवी लागली म्हणून सामान माडीवर ठेवलंय. जगननं फोटोत घातलेली पिशवी गाडीवर बघितली की तिला आनंद होईल, असं त्या भल्या माणसाला मनापासून वाटलं होतं. डोळे असलेल्या माणसाचा विचार तो. मलाही तसंच वाटलं असतं.

निघावं म्हटलं तर गाडीचा कार्बोरेटर गळायला लागला होता. आबांच्या दारात पेट्रोल सांडलेलं ठेवून जाणं बरं नव्हतं. सदऱ्याच्या बाह्या वर करून मी बसलो, खोललं, सुई साफ केली, चेन सैल होती ती आवळली. हात कोपरापर्यंत काळे झाले. मला उठायला उगाचच उशीर झाला असेल, कारण आत जाऊन त्या बाईसमोर उभं राहायची हिंमत होत नव्हती.

पण आमच्याकडे काम केलेल्या माणसाला हात धुवायला पाणी दिल्याशिवाय घरातली बाई सोडत नाही, मग घरात काहीही झालेलं असो. काशीमाय लोटा घेऊन बाहेर आली. मी ओट्याखाली वाकून ओंजळ पुढे केली. तिनं माझे हात कुठे आहेत ते एका हातानं चाचपलं, दुसऱ्या हातानं लोटा पुढे केला. आणि पाणी पडलंच नाही.

"थांब," ती म्हणाली. "नको धू."

तिनं लोटा खाली ठेवला. माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला, तेलानं, ग्रीसनं, पेट्रोलनं बरबटलेला, आणि तोंडाशी नेला. डोळे मिटले.

"जगननी पिशवीले हाऊच वास व्हता," ती म्हणाली.

मी चाळिशीचा बाप्या माणूस, तिथं ओट्यासमोर हमसून हमसून रडलो. आबा तोंड फिरवून उसाकडे बघत राहिले. काशीमाय रडली नाही. हात सोडताना म्हणाली, "पुढला बखत येशी तव्हय हात धोईसन येऊ नको."

दुकानात परतल्यावर मी पिशवीच्या उरलेल्या चिंध्या शोधल्या. ज्या सापडल्या त्यांनी मी तोवर दहा गाड्या पुसल्या होत्या. त्यांना वास होता, पण तो नंदुरबारच्या गाड्यांचा. त्या तिला नेऊन द्याव्यात असं एकदा मनात आलं. दिल्या असत्या तर तिला फरक कळला असता की नाही, कोण जाणे. मला कळला असता. या वेळी मात्र हे वाक्य बोलताना तोरा नव्हता.

तेव्हापासून वर्षातून तीन-चार वेळा मी कळसाडीला जायचो. गाडी कोणी चालवत नव्हतं. ती ओट्याच्या बाजूला छपरीत उभी असायची. मी इंजिन चालू करायचो, तेल बदलायचो, काहीतरी उगाच खोलायचो. काही काम नसलं तरी हात काळे होतील एवढं काम काढायचो. मग काशीमाय ओट्यावर येऊन बसायची आणि मी हात पुढे करायचो. ती फार वेळ धरत नसे. "बैस, भाकर खा," म्हणायची. त्या घरात मी डाव्या हाताची बोटं तेवढी कापडानं पुसून भाकरी मोडायचो, उजव्या हाताला पाणी लावायचो नाही. गावातले लोक हसायचे. आबा हसायचे नाहीत. काशीमायनं मला जगन कधी म्हटलं नाही, आणि मीही तसं काही मनात आणलं नाही. मी मिस्तरीच होतो. तिची वस्तू माझ्याकडून गेली होती, आणि भरपाई म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं.

माझ्या दुकानात पुढे खूप जुनं सामान आलं. पट्टे, पिशव्या, डबे. हातात धरलेल्या वस्तूला रॉकेलमध्ये बुडवण्याआधी मी विचारायला लागलो, ही कोणाची, घरात कोणाला सांगून आणली? गिऱ्हाइकं वैतागायची. फिटरनं असले प्रश्न कशाला विचारावेत, असं त्यांना वाटायचं.

असं सात-आठ वर्षं चाललं. एका पावसाळ्यात पूर आला, तापीकाठचे रस्ते बंद झाले, पाच महिने जाणं झालं नाही. दसरा झाल्यावर गेलो. नेहमीप्रमाणे सकाळी दुकानात एक इंजिन खोललं होतं, हात तसेच ठेवून मोटारीत बसलो. शेजारच्या बाईनं लुगडं सावरून घेतलं, अंग चोरून बसली.

ओट्यावर आबा एकटे होते. डोक्यावर टोपी नव्हती, केस उतरवलेले, नुकते खुंटासारखे वाढत होते. मी खाली उभा राहिलो. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि मग छपरीकडे मान वळवली. छपरीत गाडी होती. दोन्ही मुठींवरचं कापड जिथं तिथं काळपट, गुळगुळीत झालं होतं. मी सोड्यानं पांढरं केलेलं कापड तिच्या हातानं परत मळलं होतं.

मी तिथंच पायरीवर बसलो. आबांच्या पुतण्याची नवी सून बाहेर आली. तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. पाहुणा आलाय, हात काळे आहेत, एवढंच तिनं बघितलं. आत जाऊन ती लोटा घेऊन आली, साबणाची वडी पण आणली, आणि माझ्यासमोर वाकून उभी राहिली.

मी आबांकडे बघितलं. त्यांनी होय म्हणून मान हलवली.

मग मी ओंजळ पुढे केली. त्या घरात त्या दिवसापासून पहिल्यांदा मी हात धुतले. पोरगी पाणी ओतत राहिली. काळं पाणी ओट्याच्या कडेनं अंगणात जात होतं. स्वच्छ येईपर्यंत तिनं लोटा खाली ठेवला नाही.